द्राक्षांआधी युरोपात

सकाळी 9. फेब्रुवारी, द्राक्षांचा ऐन हंगाम. बेलापूरच्या आमच्या फॉरवर्डिंग ऑफिसात चहाच्याही आधी कट-ऑफची, म्हणजे शेवटच्या मुदतींची, यादी उघडते. न्हावा शेवाहून रॉटरडॅमला जाणाऱ्या जहाजात नाशिकचे तीन रीफर, म्हणजे शीत, कंटेनर चढायचे आहेत. युरोपीय संघाचा नियम असा, की कंटेनर जहाजावर चढण्याच्या निदान 24 तास आधी मालाची सुरक्षा घोषणा, म्हणजे ईएनएस, तिथल्या कस्टम्सच्या प्रणालीत पोचली पाहिजे. ती भरते शिपिंग लाइन, तपशील पुरवायचे आम्ही. लाइन स्वतःची बाजू सांभाळून बरंच आधी मागते. कायद्यातले 24 तास आमच्या वाट्याला कधी येत नाहीत.

10. पहिला ड्राफ्ट परत. पॅकहाउसने मालाचं वर्णन लिहिलंय ‘अ‍ॅग्रिकल्चरल प्रॉडक्ट्स’. हे चालत नाही, ‘जनरल कार्गो’ही नाही. ताजी द्राक्षं असं सरळ लिहायचं आणि सोबत सहा आकडी एचएस कोड, 080610. आयातदाराचा ईओआरआय, म्हणजे युरोपीय कस्टम्सकडचा नोंदणी नंबर, मात्र बरोबर आहे.

11.15. आता पत्ता. ‘गट नंबर अमुक, पाण्याच्या टाकीमागे’. फॉर्मला रस्ता, क्रमांक, पिनकोड, गाव वेगवेगळ्या खणांत हवं. पॅकहाउसला फोन लावला.
“भाऊ, रस्त्याचं नाव काय?”
“साहेब, रस्ता आम्हीच केलाय. त्याला नाव कुठलं?”
रस्त्याच्या खणात वस्तीचं नाव घातलं, गट नंबर क्रमांकात. पाण्याची टाकी वगळली, तीच खरी खूण असली तरी.

1. डबा. नवीन आलेला पोरगा विचारतो, द्राक्षांना कसली सुरक्षा? मी सांगतो. ऑक्टोबर 2010 मध्ये येमेनहून निघालेल्या दोन हवाई पार्सलांत, प्रिंटरच्या टोनरमध्ये स्फोटकं सापडली. एक दुबईत, दुसरं इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्स विमानतळावर. माल निघायच्या आधीच माहिती चाळायची, हा आग्रह तेव्हापासून फार वाढला. समुद्रमार्गाला 24 तासांची अट 2011 पासूनच आहे. जून 2024 पासून लाइन्सना आयसीएस2 ही तिथल्या कस्टम्सची नवी प्रणाली लागू झाली आणि विकणारा, घेणारा, पत्ते असे तपशील वाढले. मला हे जाचक वाटत नाही. ‘जनरल कार्गो’ लिहून माल पाठवायची आपली सवयच जुनी.

3.30. तिसरा कंटेनर अजून भरतोय. अर्धा किलोचे दहा पनेट एका खोक्यात. खोकी मोजून झाल्याशिवाय एकूण वजन नाही आणि दार बंद झाल्याशिवाय सील नंबर नाही. इकडे लाइनचा मेल, ‘लास्ट रिमाइंडर’.

5.10. व्हॉट्सअ‍ॅपवर सीलचा फोटो आला. शेवटचा आकडा ड्रायव्हरच्या अंगठ्याखाली. दुसऱ्या फोटोत अंगठा नाही, पण ऊन चमकतंय. 3 की 8? ड्रायव्हरला फोनवर आकडे एकेक करून म्हणायला लावले. 8.

5.40. एसआय, म्हणजे लाइनला द्यायच्या शिपिंग सूचना, गेलं.

7. लाइनकडून निरोप आला, पहिल्या कंटेनरवर युरोपीय कस्टम्सने खुलासा मागितलाय. घेणाऱ्याच्या नावाच्या खणात फक्त कंपनीची आद्याक्षरं आहेत, पूर्ण नाव द्या. रॉटरडॅमला अजून दुपारचे अडीच, त्यामुळे आयातदाराच्या ऑफिसातली बाई फोनवर लगेच सापडली. उत्तर वेळेत गेलं नाही तर ‘लोड करू नका’ असा आदेश येऊ शकतो, मग जहाज जातं आणि रीफर यार्डात विजेचं भाडं भरत बसतो.

8.20. दुरुस्ती लाइनने स्वीकारली. उद्या हॅम्बर्गचं जहाज आहे. त्यातल्या एका पॅकहाउसने वर्णनात ‘फ्रूट’ लिहिलंय. आत्ताच फोन करतो, भाऊ जेवायला बसले असले तरी.