गाडी कुठेही जाईल, गर्दीचं काय?

मॉण्टेरेच्या किनाऱ्यावर दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची जत्रा भरते. त्यातले काही शो जागच्या जागी मोठे झाले, काही पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरले. जागा बदलली की गर्दीचं काय होतं, त्याची ही गोष्ट.

जुन्या गाड्यांच्या शोची एक गंमत आहे. गाडीला चाकं असतात, त्यामुळे आयोजकांना वाटतं की शो कुठेही हलवता येईल. मैदान बदललं, पासवर नवा पत्ता छापला, झालं काम! आणि गाड्या खरंच येतात. ट्रेलरवरून येतात, स्वतःच्या चाकांवर धूर सोडत येतात. घोडं अडतं ते बघणाऱ्यांपाशी. त्यांच्या डोक्यात मागच्या वर्षीचं झाड असतं, पार्किंगची हुकमी जागा असते, कुठली कॉफी बरी आणि कुठली पाणचट याचा हिशेब असतो. पत्ता बदलला की हे सगळं पुन्हा शून्यापासून. काही जण ते जमवतात. बाकीचे म्हणतात, ‘या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू.’ आणि पुढचं वर्ष कधीच उजाडत नाही.

मला या गाड्यांचा नाद लागला तो मुंबईत. हॉर्निमन सर्कलहून निघणारी व्हिंटेज कार रॅली फूटपाथवर उभं राहून बघायची, तीही फुकटात, हातात कटिंग चहा घेऊन. त्यामुळे ऑफिसने सॅन होजेच्या प्रोजेक्टवर धाडलं, तेव्हा बॅगा उघडायच्या आधी मी कॅलेण्डरवर ऑगस्टच्या मधल्या आठवड्यावर फुली मारली. मॉण्टेरे कार वीक! जुन्या गाड्यांच्या वेड्यांची ती पंढरीच म्हणायची.

धुकं, गोल्फ आणि गाड्या

सॅन होजेहून मॉण्टेरे साधारण १२० किलोमीटर. हायवे १०१ने दक्षिणेला निघायचं, प्रुनडेलला समुद्राकडे वळायचं, कॅस्ट्रोव्हिलची आर्टिचोकची शेतं मागे टाकायची. मग एका रांगेत मरीना, सीसाइड, मॉण्टेरे आणि पुढे कार्मेल. एके काळी मॉण्टेरे हे सार्डिन मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांचं गाव होतं. मासे संपले, कारखाने बंद पडले. त्यांच्याच रांगेत १९८४मध्ये मोठं मत्स्यालय उभं राहिलं आणि गाव पुरतं पर्यटकांचं झालं. समुद्र, गोल्फ आणि धुकं. ऑगस्टमध्येही सकाळी स्वेटर लागतो, बरं का!

कार वीकमध्ये इथे एक नाही, डझनावारी कार्यक्रम असतात. त्यातला सगळ्यांत जुना आणि तोऱ्यातला म्हणजे रविवारचा पेबल बीच काँकूर, म्हणजे गाड्यांची सौंदर्यस्पर्धा. समुद्राला लागून असलेल्या गोल्फ कोर्सच्या अठराव्या हिरवळीवर दोनशेच्या आसपास गाड्या उभ्या राहतात. २०१२ आणि २०१८मध्ये इथे भारतातल्या संस्थानिकांच्या गाड्यांचे खास वर्ग होते. या राजेरजवाड्यांच्या गाड्यांतली आपल्या जवळची म्हणजे इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्युसेनबर्ग. इंजिन आणि चासी अमेरिकन, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची आणि रंग नारिंगी-काळा. मराठी घराण्याची ही गाडी पुढे अमेरिकेत गेली. गाडीला काय, मालक मिळाला की ती कुठेही रुळते.

रेस गेली, शो राहिला

आज या शोला एवढी गर्दी असते की वाटतं, हा कधी हललाच नसेल. खरी गोष्ट जरा वेगळी आहे. १९५०मध्ये इथे मुख्य आकर्षण होतं ते रेसचं. डेल मॉण्टेच्या पाइनच्या जंगलातल्या रस्त्यांवरून गाड्या सुसाट सुटायच्या, काँकूर ही जोडीला. पहिली मोठी रेस फिल हिलने जग्वारमधून जिंकली. याच फिल हिलने १९५५मध्ये घरची जुनी पिअर्स-अ‍ॅरो आणून काँकूरचं पहिलं बक्षीसही नेलं. पुढे तो फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला.

पण झाडं रस्त्याला अगदी खेटून होती. १९५६मध्ये एर्नी मॅकॅफीची फेरारी झाडावर आदळली आणि तो गेला. जंगलातली रेस तिथेच थांबली. मग स्थानिक मंडळींनी संस्था उभी केली, पैसे जमवले आणि फोर्ट ऑर्ड या लष्करी तळाच्या टेकड्यांमध्ये नवा ट्रॅक बांधला, लगुना सेका. नोव्हेंबर १९५७मध्ये तिथली पहिली रेस पीट लव्हलीने फेरारीतून जिंकली. हे स्थलांतर जमलं. का जमलं? एक तर जागा का सोडली, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. दुसरं, नवी जागा गावकऱ्यांनी स्वतः घाम गाळून उभी केली होती. आणि तिसरं, तिथे जुन्या जागेपेक्षा जास्त काहीतरी मिळत होतं. टेकडीवर बसलं की ट्रॅकचा बराचसा भाग दिसतो. ‘कॉर्कस्क्रू’ नावाच्या वळणावर गाडी जवळजवळ पाच मजले खाली कोसळते, ते बघताना आजही पोटात गोळा येतो.

उलट जागेवर राहिलेल्या काँकूरचं काय झालं? रेसची सोबत सुटली आणि साठच्या दशकाच्या अखेरीस शोची रया जायला लागली. जागा तीच, समुद्र तोच, हिरवळ तीच! १९७२मध्ये ज्यूल्स ह्यूमन आणि लॉरिन ट्रायन यांनी सूत्रं हातात घेतली आणि शोचा रोख दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या देखण्या गाड्यांकडे वळवला. १९७४मध्ये स्टीव्ह अर्लने लगुना सेकावर जुन्या रेसगाड्यांची शर्यत सुरू केली. शो आणि शर्यत पुन्हा एकाच वीकएण्डला आले आणि गाडी रुळावर आली. म्हणजे नुसता पत्ता टिकवून भागत नाही, सोबतही टिकवावी लागते.

इटालियन बिऱ्हाड

आता दुसऱ्या स्थलांतराकडे येऊ. काँकोर्सो इटालियानो हा ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सुरू झालेला शो, फक्त इटालियन गाड्यांचा. फ्रँक मॅण्डारानो यांनी तो कार्मेल व्हॅलीतल्या क्वेल लॉजच्या हिरवळीवर रुजवला. याचा फंडा एकदम साधा. गाडी इटलीची हवी, बस्स! त्यामुळे कोट्यवधींच्या फेरारीशेजारी एखाद्या निवृत्त मास्तरांची फियाट १२४ थाटात उभी राहू शकते. आपल्या प्रीमियर पद्मिनीची आई म्हणजे फियाट ११००. तिच्या नात्यातल्यांना मानाने उभं राहू देणारा हा शो, म्हणून माझा जीव त्याच्यावर जास्त.

पण क्वेल सुटलं. २००३पासून त्याच हिरवळीवर ‘द क्वेल’ नावाचा नवा, महागडा आणि मोजकीच तिकिटं काढणारा शो सुरू झाला. काँकोर्सो सीसाइडच्या ब्लॅक हॉर्स गोल्फ कोर्सवर गेला. २००८मध्ये तो मरीनाच्या विमानतळावर भरला. हाही पूर्वी फोर्ट ऑर्डचाच भाग, लष्कराची धावपट्टी. १९९४मध्ये तळ बंद झाला आणि ही सगळी जमीन मोकळी झाली. कागदावर विमानतळ झकास दिसतो. भरपूर जागा, पार्किंगची चिंता नाही, सपाट जमीन. पण पायाखाली हिरवळीऐवजी डांबर-काँक्रीट. या शोचा निम्मा आनंद म्हणजे गाडीशेजारी चटई पसरून, वाइन आणि चीज घेऊन दिवसभर गप्पा मारणं. धावपट्टीवर पिकनिक कशी करणार? गाडीवेड्यांमध्ये जोरदार कुरकुर झाली. पुढच्याच वर्षी शो परत गोल्फच्या गवतावर आला. पुढे तो ब्लॅक हॉर्सलाही परतला.

आयोजकांची बाजूही समजून घ्यायला हवी. गोल्फ कोर्सवर शेकडो गाड्या उभ्या करायच्या म्हणजे खेळ बंद, गवताची नासाडी, तेल गळू नये म्हणून प्रत्येक गाडीखाली ट्रे. आणि कार वीकमध्ये मोठ्या मोकळ्या जागेला मागणी प्रचंड. लिलाववाले, गाड्यांच्या कंपन्या, सगळेच रांगेत. भाडं परवडलं नाही की बिऱ्हाड हललं. आपल्याकडे नाही का, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेण्ट संपलं की सामान टेम्पोत!

काकांचा शुक्रवार

या सगळ्याचा हिशेब मला शिकवला तो सनीवेलच्या काकांनी. मूळचे दादरचे, तीस वर्षांहून जास्त काळ कॅलिफोर्नियात. मुंबईत त्यांच्याकडे पद्मिनी होती आणि तिच्या कार्ब्युरेटरच्या गोष्टी ते आजही मुलाबाळांच्या गोष्टींसारख्या सांगतात. क्वेलच्या दिवसांत ते आणि त्यांचे पाच मित्र दरवर्षी काँकोर्सोला जायचे. शो तेव्हा शुक्रवारी असायचा. म्हणजे ऑफिसला दांडी, पहाटे पाचला निघणं, ठरलेल्या झाडाखाली बसणं, काकूंनी दिलेल्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. शेजारी दरवर्षी येणारं एक इटालियन कुटुंब. त्यांच्याकडून चीज यायचं, इकडून पुऱ्या जायच्या.

शो हलला तेव्हा कुणी भांडलं नाही, कुणी निषेध केला नाही. पहिल्या वर्षी दोघांना नवी जागा लांब वाटली. दुसऱ्या वर्षी एकाच्या मुलीचं ग्रॅज्युएशन निघालं. ते इटालियन कुटुंब नव्या मैदानात सापडलंच नाही. मग काकाही थांबले. सहाच्या सहा माणसं अशी एकेक करून गळली. कुणालाही कारण विचारा, ‘राग’ हा शब्द येणार नाही. सवय सुटली, एवढंच. गेटवर तिकिटं मोजणाऱ्याला हे कळणार कसं?

२०२३च्या ऑगस्टमध्ये मी काकांना जवळजवळ ओढतच ब्लॅक हॉर्सला नेलं. आता शो शनिवारी असतो, तेव्हा दांडीचं निमित्तही नव्हतं. एका छोट्या जुन्या फियाटपाशी काका थांबले, वाकून डॅशबोर्ड बघितला आणि मालकाशी कार्ब्युरेटरवर तब्बल चाळीस मिनिटं बोलले. मी तोपर्यंत तीन डझन लॅम्बोर्गिनी बघून आलो! परतताना काकांनी गाडीतूनच एका जुन्या मित्राला फोन लावला, पुढच्या वर्षी येतोस का म्हणून. तो ‘बघू’ म्हणाला. त्याच ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. ती बातमी मी काकांना पाठवली, त्यांचं उत्तर दोन दिवसांनी आलं.

मग टिकतं काय?

मला विचाराल तर शो हलवताना चार गोष्टी सोबत न्याव्या लागतात. बसायला बरी जमीन, नोकरदाराला जमेल असा वार, जोडीचा एखादा कार्यक्रम आणि परवडणारं तिकीट. यातली एखादी सुटली तर माणसं सांभाळून घेतात. दोन सुटल्या की काकांसारखे घरी बसतात. आणि चौथीचा प्रश्न सगळ्यांत मोठा आहे. पेबल बीचचं तिकीट आज काही शे डॉलरच्या घरात आहे, ‘द क्वेल’चं त्याच्याही पुढे. पंचविशीतली पोरं या हिरवळीवर येणार कशी? आणि ती आज आली नाहीत, तर वीस वर्षांनी या गाड्यांपाशी थांबणार कोण?

बरं, पोरांना जुन्या गाड्या आवडत नाहीत असं मुळीच नाही. त्यांना रंग उडालेल्या, खऱ्याखुऱ्या गाड्या भावतात. २०२४मध्ये पेबल बीचलाही पहिल्यांदाच रिस्टोअर न केलेली गाडी, १९३४ची बुगाटी टाइप ५९, अव्वल ठरली. दार थोडं किलकिलं झालंय. आता फूटपाथवरच्या पब्लिकलाही आत घ्या, म्हणजे झालं!

जायचंय? मग हे लक्षात ठेवा

• फुकटात बघा: मंगळवारी कार्मेलच्या ओशन अ‍ॅव्हेन्यूवर काँकूर ऑन द अ‍ॅव्हेन्यू असतो. तिथे हिंडायला तिकीट लागत नाही.

• रस्त्यावर उभे राहा: गुरुवारी पेबल बीचच्या गाड्या टूरला निघतात. उभ्या गाडीपेक्षा धावती गाडी बघण्यात जास्त मजा. टूर पूर्ण करणाऱ्या गाडीला, गुण बरोबरीत आले तर, स्पर्धेत झुकतं माप मिळतं.

• पोट धरून हसा: सीसाइडला ‘काँकूर द लेमन्स’ भरतो. जगातल्या सगळ्यांत भंगार गाड्यांचा शो, तोही फुकट.

• पहाटे उठा: रविवारी उजाडायच्या आत गाड्या धुक्यातून हिरवळीवर येतात. तिकीट काढणारच असाल, तर पैसे इथेच वसूल होतात.

• कपडे: सकाळी स्वेटर, दुपारी टोपी. पुऱ्या-भाजी ज्याच्या त्याच्या मर्जीवर.