अमेरिकी माहजाँग : मूलभूत नियमांची ओळख

चीनमध्ये एकोणिसाव्या शतकात रूढ झालेला माहजाँग हा सोंगट्यांचा खेळ १९२० च्या दशकात अमेरिकेत पोहोचला. स्टँडर्ड ऑइल कंपनीसाठी चीनमध्ये काम केलेले जोसेफ बॅबकॉक यांनी या खेळाचे सुलभ केलेले नियम १९२० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले आणि पाहता पाहता तेथे या खेळाचे वेड पसरले. मात्र घरोघरी नियम निराळे असल्याने वादाचे प्रसंगही वाढले. ते मिटविण्यासाठी १९३७ मध्ये न्यूयॉर्क येथे, प्रामुख्याने ज्यू महिलांच्या पुढाकाराने, ‘नॅशनल माह जाँग लीग’ ही संस्था स्थापन झाली. आज अमेरिकी माहजाँग म्हणून जो खेळ ओळखला जातो, तो या संस्थेच्या नियमांवर उभा आहे.

खेळात १५२ सोंगट्या असतात. बांबू, अक्षरे आणि ठिपके या तीन प्रकारांत १ ते ९ अंकांच्या प्रत्येकी चार, म्हणजे एकूण १०८. त्यांखेरीज चार दिशांचे वारे १६, लाल, हिरवे व पांढरे ड्रॅगन १२, फुले ८ आणि जोकर ८. पांढऱ्या ड्रॅगनवर बहुधा नुसती चौकट असते, म्हणून त्यास ‘साबण’ असे गमतीचे नाव पडले आहे. गरज पडल्यास हाच साबण शून्य म्हणूनही चालतो.

चार खेळाडू प्रत्येकी १९ जोड्यांची भिंत रचतात. ‘पूर्व’ ठरलेल्या खेळाडूस १४ आणि इतरांस १३ सोंगट्या मिळतात. एक सोंगटी उचलावी, एक टाकावी, ही रीत रमी खेळणाऱ्यांना परिचित वाटेल. परंतु साम्य येथेच संपते. रमीत आपल्या मनाजोगत्या जोडण्या करता येतात. येथे संपूर्ण १४ सोंगट्यांचा डाव संस्थेने त्या वर्षासाठी छापलेल्या पत्रकातील एखाद्या रचनेशी तंतोतंत जुळावा लागतो. हे पत्रक दरवर्षी बदलते. त्यामुळे गतवर्षी तोंडपाठ केलेली रचना यंदा निरुपयोगी ठरू शकते, आणि मुरलेल्या खेळाडूसही नवख्याच्या शेजारी बसून पत्रक वाचावे लागते.

पत्रकातील रंग हे नवशिक्यांच्या गोंधळाचे मोठे कारण होय. उदाहरणादाखल दोन फुले, चार दुऱ्या, चार चौके व चार छक्के अशी रचना कल्पू. त्यातील अंक तीन रंगांत छापलेले असतील, तर त्याचा अर्थ एवढाच की ते तीन निरनिराळ्या प्रकारांतील हवेत. हिरवा म्हणजे बांबू, असा कोणताही संकेत नाही.

खेळापूर्वी ‘चार्ल्सटन’ हा देवघेवीचा विधी होतो. त्या काळातील एका लोकप्रिय नृत्याचेही हेच नाव. प्रत्येकाने नको असलेल्या तीन सोंगट्या प्रथम उजवीकडे, मग समोर, मग डावीकडे द्यावयाच्या. सर्वांची संमती असल्यास उलट क्रमाने दुसरी फेरी होते. अखेरीस समोरच्या खेळाडूशी परस्परसंमतीने तीनपर्यंत सोंगट्यांची अदलाबदल करता येते. जोकर मात्र देता येत नाही. आपला डाव कोणता, हे बहुतांशी याच वेळी ठरते. खेळाचे खरे कसब येथेच दिसते, असे म्हणावयास हरकत नाही.

इतरांनी टाकलेली सोंगटी मागता येते, पण तिकडी, चौकडी किंवा त्याहून मोठा संच पुरा होत असेल तरच, आणि तो संच लगेच सर्वांसमोर मांडावा लागतो. पत्रकात ‘झाकलेली’ म्हणून नोंदलेल्या रचनेसाठी तीही मुभा नाही. जोकरही तीन वा अधिक सोंगट्यांच्या संचातच चालतो. जोडीत किंवा एकट्या सोंगटीच्या जागी तो बसत नाही. म्हणूनच वरील उदाहरणात हातात चार जोकर असूनही दोन फुलांसाठी डाव अडू शकतो. अशी जोडीची सोंगटी दुसऱ्याकडून मागता येते ती फक्त तिच्याने डाव पूर्ण होत असेल तेव्हाच. शिवाय मांडलेल्या संचातील जोकर सुरक्षित नसतो. त्याच्या जागेची खरी सोंगटी ज्याच्याकडे असेल, तो आपल्या पाळीत ती देऊन जोकर घेऊन जातो.

प्रत्येक रचनेचे मूल्य पत्रकावर दिलेले असते. २५ सेंटांच्या डावात ज्याच्या सोंगटीवर डाव लागला तो ५० देतो, उरलेले दोघे २५ देतात. विजेत्याने ती भिंतीतून स्वतः उचलली असल्यास तिघांनाही दुप्पट भरावे लागते. त्यामुळे भिंत सरत आली की जाणते खेळाडू स्वतःचा डाव मोडून निर्धोक सोंगट्या टाकू लागतात. सोंगट्यांची संख्या चुकलेल्याचा डाव ‘मृत’ ठरतो. त्याचे खेळणे थांबते, देणे मात्र टळत नाही. भिंत संपूनही कोणी जिंकले नाही, तर कोणीच काही देत नाही. सोंगट्या पुन्हा पालथ्या घालून पिसल्या जातात आणि ‘पूर्वे’चा मान उजवीकडील खेळाडूकडे जातो.