दुखणे कमी करायला मुंबई कशाला?

बुलढाणा जिल्ह्यात कोणाला कॅन्सर निघाला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘न्यायचे कुठे?’ घाटावरची, म्हणजे देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखलीकडची माणसे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाकडे वळतात. घाटाखालच्या संग्रामपूर, नांदुरा, खामगावकडच्यांना अकोला सोयीचे पडते, नाहीतर शेगाव किंवा मलकापूरहून रेल्वेने थेट मुंबईतले परळचे टाटा रुग्णालय. काहीजण नागपूर गाठतात. मोठी शस्त्रक्रिया आणि ज्याला गावाकडे ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात ते रेडिएशन मोठ्या केंद्रातच व्हायला हवे, याबद्दल वाद नाही. पण या धावपळीत सगळ्यांनीच एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की कॅन्सरच्या माणसासाठी जे काही करायचे ते तिकडेच. तालुक्याच्या गावात करण्यासारखे काही नाही. हे गृहीतक तपासून पाहायला हवे. रुग्णाला रात्री झोप लागते का, घास गिळता येतो का, जखमेला वास येतो का, घरातल्या बाईला दोन तास पाठ टेकायला मिळते का, या साऱ्याची काळजी जिल्ह्यातच, थोड्या पैशांत आणि कुठल्याही महागड्या यंत्राशिवाय घेता येते. ती निदानाच्या आठवड्यापासून घ्यायला हवी. ‘आता घरी न्या, सेवा करा’ असे सांगितल्यानंतर सुरू झालेली सेवा उशिराची असते.

डॉक्टर या कामाला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. उपचार हरल्यावर करायची सोय, अशी तिची ओळख झाली आहे आणि तिथेच घोटाळा आहे. अमेरिकेत फुप्फुसाचा कॅन्सर शरीरभर पसरलेल्या 151 रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले, निम्म्यांना त्याच उपचारांसोबत सुरुवातीपासून ही काळजीही दिली. दुसऱ्या गटाचे दिवस बरे गेले आणि खिन्नता कमी राहिली. शेवटच्या आठवड्यांतले जड उपचार त्यांनी कमी घेतले, आणि तरीही ते जास्त जगले. पहिल्या गटात निम्मे रुग्ण सुमारे 9 महिन्यांत गेले, दुसऱ्यात तो काळ साडेअकरा महिन्यांच्या पुढे गेला. परदेशातले आकडे इथे कसे लावायचे, असे कोणी म्हणेल. मग टाटा रुग्णालयातलाच अभ्यास घ्या; त्यातला प्रश्न थोडा वेगळा, पण दिशा हीच. तोंड-घशाचा कॅन्सर बरा होण्यापलीकडे गेलेल्या 422 रुग्णांत सलाईनमधून द्यायच्या सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची तुलना घरी घ्यायच्या दोन स्वस्त गोळ्यांशी केली गेली. 2020 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेला निष्कर्ष असा की गोळ्यांवरचे रुग्ण थोडे जास्त जगले आणि त्यांना गंभीर त्रासही कमी झाले. हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या दुखण्याचेही तसेच आहे. तिथे रेडिएशनचा एकच डोस वेदना कमी करायला बहुधा अनेक दिवसांच्या डोसइतकाच उपयोगी पडतो, हे कितीतरी चाचण्यांत दिसले आहे. संग्रामपूरच्या सोयाबीन शेतकऱ्याला एका खेपेत काम होणे आणि दोन आठवडे परगावी खोली करून राहणे यात केवढा फरक आहे, हे वेगळे सांगायला नको.

वेदनेचा प्रश्न आला की मॉर्फिनचे नाव निघते आणि माणसे दचकतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्येच कॅन्सरच्या दुखण्यासाठी पायरीपायरीने औषधे वाढवण्याची पद्धत सांगितली. वरच्या पायरीवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन आहे. गोळी काही रुपयांची. आपल्याकडे आड आला तो कायदा. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले की रुग्णालयांनी औषध ठेवणेच सोडून दिले. 2014 च्या दुरुस्तीने ते पुष्कळ सुटे झाले. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घेतलेली संस्था मॉर्फिन ठेवू शकते. पण कायदा बदलला म्हणून धास्ती जात नाही. ‘व्यसन लागेल’ हा आक्षेप नातेवाईक घेतात आणि काही डॉक्टरही. खऱ्या दुखण्यासाठी, मोजून, वेळच्या वेळी दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. डोस वाढवावा लागतो तो बहुधा आजार वाढल्यामुळे. मळमळ होते, गुंगी येते, ती काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र राहते, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचे औषध जोडीला द्यायचे असते. एवढी माहिती असलेली एक प्रशिक्षित परिचारिका आणि महिन्याला ठरलेल्या दिवशी मिळणारी गोळी हे खामगाव, मेहकर, मलकापूरला अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

उपचार संपून बरे झालेल्यांकडे तर आपण वळूनही पाहत नाही. गाठ निघाली, रिपोर्ट चांगला आला, की गावाच्या लेखी प्रकरण मिटते. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. तरी तंबाखूने झालेल्या तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण येतच राहतात. त्यांचे ऑपरेशन आणि तीस-पस्तीस वेळा रेडिएशन झाले की जबडा आखडतो, लाळ सुकते. ठेचा-भाकरीवर वाढलेल्या वऱ्हाडी माणसाला मऊ वरणभात गिळतानाही पाण्याचा घोट लागतो. चारचौघांत सांडते म्हणून तो पंगतीला बसणे सोडतो. जबडा उघडण्याचे व्यायाम रोज केले, रेडिएशनआधीच दात दाखवून घेतले, तर यातले बरेच टळते. पण हे सांगणारे माणूस जवळ लागते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढलेल्या बाईचा हात कधीकधी सुजतो, आणि कापूस वेचणे हाच जिचा रोजगार तिला ‘या हाताने काही करू नका’ एवढाच सल्ला मिळतो. 2009 चा एक अभ्यास सांगतो की हात सुजलेल्या बायकांनी शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली हळूहळू वजन उचलण्याचा व्यायाम केला तर सूज वाढत नाही, उलट त्रास उसळण्याचे प्रमाण कमी होते. तेव्हा काम सोडायला लावण्याआधी काम करायला शिकवणारा कोणी आहे का, हे पाहायला हवे. आणि केस? ‘केस काय, पुन्हा येतील’ असे आपण सहज म्हणतो. 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले तेव्हा दिल्लीपर्यंतची तज्ज्ञ मंडळी धावून आली होती. केस जाण्याचे दुःख तेव्हा जिल्ह्याला नीट कळले होते. केमोथेरपी घेणाऱ्या बाईच्या वाट्याला ती समज का येऊ नये?

एक आक्षेप घरातूनच येतो: रुग्णाला खरे सांगितले तर तो खचेल. यामागे माया असते, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. पण रुग्ण सगळे ओळखून असतो. घरच्यांसाठी न कळल्याचे सोंग करतो आणि घरचे त्याच्यासाठी. सोंगात शेताचा सात-बारा, मुलीचे लग्न, कोणाची माफी मागायची राहिली असेल ती, असे सारे अडकून पडते. सगळे एका दमात सांगावे असे नाही. त्याला किती जाणून घ्यायचे आहे हे त्यालाच विचारावे, आणि तेवढेच सांगावे. दुसरीकडे, ‘आमच्याकडे सेवा घरचेच करतात’ हे अभिमानाने म्हणताना ती सेवा नेमकी कोण करते हेही पाहावे. बहुतेक घरांत ती बायको किंवा सून असते. मजुरी बुडवून, स्वतःचे दुखणे अंगावर काढून. जखम कशी धुवायची, नळीतून अन्न कसे भरायचे, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कूस कधी बदलायची, हे तिला कोणी शिकवलेले नसते.

सगळ्यात वजनदार आक्षेप पैशाचा आहे. आधी जिल्ह्यात कॅन्सरचे पूर्ण रुग्णालय उभे राहू द्या, मग वेदना-बिदना बघू, असे म्हणणारे चुकीच्या हेतूने बोलत नाहीत. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात केमोथेरपीचे डे-केअर केंद्र देण्याची घोषणा झाली आहे, आणि तिचा पाठपुरावा व्हायलाच हवा. पण ‘आधी हे, मग ते’ असा क्रम लावण्याची गरजच नाही. रेडिएशनच्या यंत्राला कोट्यवधी लागतात, या कामाला माणसे आणि थोडी औषधे. आयुष्मान आरोग्य मंदिरांसाठी ठरलेल्या बारा सेवांमध्ये पॅलिएटिव्ह केअर आधीच लिहिलेली आहे. ती कागदावरून खाली उतरवायची आहे. ऑपरेशन, केमो, रेडिएशनसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना कामी येते, पण प्रवासाचा बहुतेक खर्च, खोली आणि बुडालेली मजुरी तिच्यात बसत नाही. कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि एसी थ्री-टियरमध्ये पूर्ण सवलत आहे आणि सोबत्याला 75 टक्के. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्याला संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला 1500 रुपये मिळू शकतात. हे कितीजणांना वेळेवर सांगितले जाते?

केरळात 1993 मध्ये कोझिकोडला एका छोट्या दवाखान्यापासून हे काम सुरू झाले, पुढे शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले आणि 2008 मध्ये त्या राज्याने स्वतंत्र धोरणच आणले. तिकडची माणसे वेगळी, आपल्याकडे असे स्वयंसेवक कुठून येणार, असे बुलढाण्यात तरी विचारू नये. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी पाळी लावून, एक पैसा न घेता, ठरल्या दिवशी ठरले काम करतात, आणि तिथली शिस्त बघायला बाहेरून लोक येतात. आठवड्यातून दोन तास गावातल्या आजारी माणसाजवळ बसायला, त्याच्या घरच्या बाईला मोकळे करायला लागते ते हेच. अशा स्वयंसेवकांना प्रशिक्षण द्यायला परिचारिका हवी आणि परिचारिकेला गावोगाव न्यायला गाडी हवी. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत कॅन्सरच्या यंत्राची मागणी जरूर करा; त्याच ठरावात प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयासाठी मॉर्फिनची मान्यता, एक प्रशिक्षित परिचारिका आणि एक गाडी एवढ्या तीन गोष्टी वाढवायला आपल्या आमदारांना आणि जिल्हा परिषद सदस्यांना सांगा.