मद्रासचे कापड, मराठी टाका

बदली हा बँकेच्या नोकरीचा स्थायीभाव आहे. एखाद्या गावाची ओळख होते न होते, तोच सामान बांधण्याची वेळ येते. चेन्नईस बदलून आलेल्या मराठी कुटुंबाला तर भाषा, हवा आणि आहार हे तिन्ही बदल एकदमच पचवावे लागतात. कार्यालय, शाळा आणि घरकाम यांत दिवस सरतात. शहर मात्र परकेच राहते. या शहराशी नाते जोडणारा एक धागा मराठी घरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तो आहे सुती कापडाचा.

कापडासाठी वसलेले शहर

इ. स. १६३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे याने हा किनारा निवडला, तेव्हा येथे नैसर्गिक बंदर नव्हते. जहाजे दूर नांगरून माल होड्यांतून, फुटणाऱ्या लाटांवरून, काठाला आणावा लागे. तरीही हीच जागा पसंत पडली, कारण येथे सुती कापड इतरत्रापेक्षा सुमारे २० टक्के स्वस्त मिळते, असे त्याने वरिष्ठांना कळवले होते. त्या व्यापाच्या रक्षणासाठी सेंट जॉर्ज किल्ला उभा राहिला. किल्ल्यातील १६८० चे सेंट मेरी चर्च आणि संग्रहालय पाहण्यास एक सकाळ पुरते.

कापड धुणाऱ्यांच्या वस्तीचे नाव वण्णारपेट्टै, म्हणजेच आजचे वॉशरमनपेट. १७३४ मध्ये खास सूत कातणारे, विणकर आणि रंगारी यांच्यासाठी वसवलेली पेठ म्हणजे चिंताद्रीपेट. ‘लहान मागांची पेठ’ असा या नावाचा मूळ अर्थ. तमिळ ‘पेट्टै’ आणि आपली ‘पेठ’ यांचे नाते कानाला सहज जाणवते.

किल्ल्यापासून जवळच, तंबू चेट्टी रस्त्यावर काळिकांबाळ देवीचे मंदिर आहे. ३ ऑक्टोबर १६७७ रोजी शिवाजी महाराजांनी येथे दर्शन घेतले, अशी मंदिराची परंपरा सांगते. त्याच वर्षी दक्षिणेच्या मोहिमेवर असताना महाराजांनी मद्रासच्या इंग्रजांकडून विषावरील उतारे मागवल्याचे कंपनीच्या दप्तरात नमूद आहे.

उगवतीचा समुद्र

कोकणात सूर्य समुद्रात मावळतो. येथे तो समुद्रातून उगवतो. त्यामुळे मरीनावर पहाटेच जावे. या किनाऱ्याला ‘मरीना’ हे नाव देणारे गव्हर्नर ग्रँट डफ हे ‘मराठ्यांचा इतिहास’ लिहिणाऱ्या जेम्स ग्रँट डफ यांचे चिरंजीव, हे अनेकांना ठाऊक नसते. संध्याकाळी गेल्यास वाटाणे, कैरी आणि खोबऱ्याचे सुंडल अवश्य चाखावे. येथील पाण्याला जबर ओढ असल्याने समुद्रस्नानाचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.

दक्षिणेकडे निघाल्यास मुत्तुकाडू येथील दक्षिणचित्र, पुढे कोवळमचा किनारा आणि शेवटी मामल्लपुरम, अशी दिवसभराची सहल होते. दक्षिणचित्रात जुनी घरे मूळ जागेवरून उचलून पुन्हा उभारली आहेत. त्यांत विणकराचे घरही आहे. मामल्लपुरमचे आठव्या शतकातील किनारमंदिर आणि तेथील शिल्पसमूह १९८४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. या सहलींना डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

उन्हाळा गोधडीचा

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बाहेर पडणे अशक्यच. महाराष्ट्रात हेच दिवस गोधड्या शिवण्याचे. जुनी लुगडी, धोतरे धुऊन कडक उन्हात वाळवायची, जमिनीवर थरावर थर अंथरायचे, सुरकुती राहू न देता टाचून घ्यायचे आणि काठापासून मध्याकडे धावदोरा घालत जायचा. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबरनंतरचा. त्यामुळे येथे या कामाला सप्टेंबरपर्यंत सवड मिळते.

ज्या शहरात हिवाळ्यातही पारा सहसा २० अंशांखाली उतरत नाही, तेथे गोधडी कशाला, असे कोणी विचारील. दोन-तीन थरांची पातळ गोधडी वातानुकूलित खोलीत पुरेशी होते, तान्ह्या बाळाला दुपटे होते. शिवाय पुढची बदली नागपूरला किंवा दिल्लीला होणार नाही, याची खात्री कोण देणार?

आतल्या थरांना वापरून मऊ झालेले सुतीच कापड घ्यावे. वरच्या थराला मद्रासी चौकड्यांचे हातमागाचे कापड शोभून दिसते. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या को-ऑप्टेक्स या विणकरांच्या सहकारी संस्थेच्या दुकानांत ते पाहता येईल. नवे कापड आधी वेगळे भिजवून रंग सुटतो का, हे तपासावे. १९६० च्या दशकात अमेरिकेत रंग सुटणाऱ्या मद्रासी कापडाची हौस होती आणि तो दोष गुण म्हणून विकला गेला. गोधडीत मात्र तो दोषच ठरतो.

बदलीच्या वेळी मुलांचे आखूड झालेले कपडे, विरलेल्या साड्या सर्वप्रथम टाकून दिल्या जातात. त्यांबरोबर त्या गावातील वर्षेही जातात. आज आजीला गोधडी शिवता येते, आईला थोडीफार आठवते आणि मुलीने ती फक्त प्रदर्शनात पाहिलेली असते. हे कौशल्य एका पिढीत निसटू शकते. आणि ते पुस्तकातून नव्हे, शेजारी बसूनच शिकता येते. आजी उन्हाळ्याच्या सुट्टीत चेन्नईला येणार असतील, तर किल्ला व किनारा त्यांना सकाळी दाखवावा, आणि दुपारी सुई-दोरा घेऊन त्यांच्याजवळ बसावे. नव्या गावी सामान उतरेल, तेव्हा पहिल्या रात्री अंथरायला चेन्नईची वर्षे सोबत असतील.