शंभर डावांनी काय ठरतं?

रात्री लॅपटॉप चालू ठेवून झोपायचे आणि सकाळी दात घासायच्या आधी पडद्यासमोर जाऊन उभे राहायचे, ही बुद्धिबळाची इंजिने लिहिणाऱ्या हौशी मंडळींची जुनी खोड. रात्रभर आत दोन प्रोग्राम एकमेकांशी झुंजत असतात, इंजिनाची कालची आवृत्ती आणि आजची. सकाळी निकाल झळकतो: नवीला ५६ गुण, जुनीला ४४. माणसांच्या सामन्यात एवढ्या आघाडीवर हारतुरे होतात. एलो गुणांकनाच्या भाषेत ही ४२ गुणांची उडी, आणि तीही आदल्या संध्याकाळी चहा पिता पिता बदललेल्या दोन ओळींवर!

या धंद्यात मुरलेला माणूस मात्र एकच विचारतो, ‘डाव किती?’ शंभर असे उत्तर आले की तो विषय बदलतो.

धंदा हा शब्द इथे नावापुरताच, कारण पैसा जवळपास कोणालाच मिळत नाही. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लूने गॅरी कास्पारोव्हला साडेतीन-अडीच असे हरवले तेव्हा त्यामागे एका बलाढ्य कंपनीची तिजोरी आणि खास घडवलेल्या चिप होत्या. आज खिशातल्या फोनवर त्याहून कितीतरी वरचढ इंजिन चालते. ते लिहिणारे बहुतेक लोक दिवसा भलतीच नोकरी करतात आणि रात्री घोड्यांच्या चाली मोजतात. इंजिनाचा आराखडा क्लॉड शॅनन यांनी १९५० सालच्या शोधनिबंधात मांडला, तो मुळात फारसा बदललेला नाही. पुढच्या चालींचे झाड उभे करायचे, ठरावीक खोलीवर थांबून पटाला गुण द्यायचे आणि उलट्या पावली येत सर्वांत बरी फांदी धरायची. एवढे लिहायला चार सुट्ट्यांचे दिवस पुरतात. लिहिलेले बरोबर आहे का, आणि आज ते कालपेक्षा चांगले आहे का, हे कळायला वर्षे जातात.

पहिली परीक्षा तर खेळाचीही नसते, निव्वळ मोजणीची असते. तिला परफ्ट म्हणतात. सुरुवातीच्या मांडणीत पांढऱ्याला २० चाली असतात. काळ्याचे उत्तर धरले की ४०० शक्यता, तिसऱ्या चालीला ८,९०२, चौथ्या चालीला १,९७,२८१ आणि पाचव्या चालीला ४८,६५,६०९. हे आकडे जगभर एकच आहेत. इंजिनाने मोजून ४८,६५,६०८ सांगितले तर त्याचा अर्थ ‘जवळपास बरोबर’ असा होत नाही. कुठेतरी नियम मोडला आहे असा होतो. मात्र सुरुवातीची मांडणी तशी सोपी आहे. सगळे विचित्र नियम एकाच पटावर कोंबलेली ‘किवीपीट’ नावाची एक प्रसिद्ध मांडणी आहे. पीटर मॅकेन्झी या प्रोग्रामरने केलेल्या या मांडणीत पहिल्या चालीला ४८, दुसऱ्या चालीला २,०३९ आणि तिसऱ्या चालीला ९७,८६२ असे आकडे आले पाहिजेत. नवशिक्याचे इंजिन इथे हमखास अडखळते.

अडखळते कुठे, तर जिथे माणूस क्वचितच पाहतो तिथे. कोपऱ्यातला हत्ती आपल्या मूळ घरातच मारला गेला, तरी इंजिन त्या बाजूला कॅसलिंग करायला निघते. किंवा त्याहून खट्याळ प्रकार: राजा, आपले प्यादे, शत्रूचे प्यादे आणि शत्रूचा हत्ती एकाच आडव्या रांगेत. आपण आँ पासाँ या ‘जाताजाता मारण्याच्या’ नियमाने शत्रूचे प्यादे मारतो. एका झटक्यात रांगेतून दोन्ही प्यादी नाहीशी होतात आणि राजा सरळ हत्तीच्या तोंडी येतो. ती चाल बेकायदा, पण इंजिनाला ती कायदेशीर वाटते. असा प्रसंग हजारो डावांत एखाद्या वेळी येतो, आणि तो नेमका आवृत्ती बाहेर पडल्यानंतर दुसऱ्याच कोणाच्या तरी संगणकावर येतो.

मोजणी जमली की खेळ. इंजिनाला स्वतःचा पट नसतो. ते पटाच्या प्रोग्रामशी मजकुराच्या ओळींत बोलते. नव्वदच्या दशकात हौशींची इंजिने विनबोर्डच्या बोलीत बोलत. नोव्हेंबर २००० मध्ये रूडॉल्फ ह्यूबर आणि ‘श्रेडर’ इंजिनाचे कर्ते स्टेफान मायर-कालेन यांनी यूसीआय ही नवी बोली आणली. तिचा संवाद रेल्वेच्या सिग्नल केबिनमधल्या फोनसारखा कोरडा आहे. ‘इजरेडी’ असे विचारले की ‘रेडीओके’ म्हणायचे, मांडणी आणि वेळ कळली की चाल सांगायची. या कोरडेपणामुळेच कोणाचेही इंजिन कोणाशीही भिडवता येते, आणि क्यूटचेससारखा पंच रात्रभर डाव लावत, घड्याळ सांभाळत बसतो.

आता ५६ विरुद्ध ४४ कडे वळू. एलो हे गुणांकन मिलवॉकीत भौतिकशास्त्र शिकवणारे हंगेरियन-अमेरिकी प्राध्यापक अर्पाद एलो यांचे. गुणांतला फरक सांगा, ते अपेक्षित निकाल सांगते. शंभर एलोने वरचढ असलेला खेळाडू शंभर डावांत साधारण ६४ गुण मिळवेल. पण ‘साधारण’ हा शब्द फार महत्त्वाचा. अगदी एकसारखी दोन इंजिने घेतली, चाळीस टक्के डाव बरोबरीत सुटतात असे धरले आणि शंभर डाव खेळवले, तर वीसपैकी एकोणीस वेळा निकाल ४२ ते ५८ च्या पट्ट्यात कुठेही पडतो. म्हणजे ५६ हा आकडा त्या दोन ओळींनी आणला की नशिबाने, हे शंभर डाव सांगूच शकत नाहीत. एलोत ही धूसरता दोन्ही बाजूंना पन्नासेक गुणांची आहे. ती निम्मी करायची तर डाव चौपट करावे लागतात. हजार डावांवर ती सुमारे १७ राहते, दहा हजारांवर ५.

आणि मुरलेल्या इंजिनात एखादी चांगली सुधारणा असते केवढी? दोन-तीन एलोची. दोन एलो म्हणजे हजार डावांत ५०३ विरुद्ध ४९७. हे दिसायचे तर किमान चाळीस हजार डाव लागतात. प्रत्येकाला दहा सेकंद आणि दर चालीमागे एक दशांश सेकंद असा घाईचा डाव धरला, तरी तो संपायला अर्धा मिनिट लागतो. चाळीस हजार डावांना एकेक करून दोन आठवडे. एका कल्पनेला दोन आठवडे, आणि हौशी माणसाच्या डोक्यात कल्पना रोज तीन येतात.

या कोंडीतून वाट काढली ती दुसऱ्या महायुद्धातल्या दारूगोळ्याने. गोळ्यांचा नमुना तपासायचा तर ते उडवूनच पाहावे लागतात. मग दहाव्याच गोळ्याला निकाल स्पष्ट दिसत असेल तर उरलेले वाया का घालवायचे? न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधक गटात काम करणाऱ्या अब्राहम वाल्ड यांनी याचे गणित बसवले. नमुना आधी ठरवून घ्यायचा नाही. प्रत्येक निकालानंतर पुराव्याचे वजन करायचे आणि ते एका बाजूला पुरेसे झुकले की थांबायचे. युद्धकाळात गुप्त राहिलेले हे काम १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. वाल्ड १९५० च्या अखेरीस व्याख्यानांसाठी भारतात आले होते. १३ डिसेंबरला त्यांचे विमान निलगिरीच्या डोंगरात कोसळले आणि त्यात ते पत्नीसह गेले.

इंजिनवाले ही पद्धत एसपीआरटी या आद्याक्षरांनी ओळखतात. दोन दावे समोर ठेवायचे, ‘या बदलाने काही फरक पडलेला नाही’ आणि ‘पाच एलोचा फायदा झाला आहे’. प्रत्येक डावानंतर एक आकडा वरखाली होतो. चुकीचा कौल देण्याची शक्यता पाच टक्के चालवून घेतली, तर हा आकडा अधिक २.९४ ला पोचला की बदल पास, उणे २.९४ ला पोचला की नापास. चांगला वा टाकाऊ बदल लवकर कळतो. मधलाच असला की काटा दिवसेंदिवस शून्याभोवती घुटमळतो. हौशी लोक हा आकडा शेवटच्या षटकातल्या धावफलकासारखा पाहतात. त्यात एक पथ्य मात्र काटेकोर पाळायचे: आकडा दोनवर गेला म्हणून ‘झालेच की’ म्हणत मध्येच थांबायचे नाही. तिथे थांबले की गणिताची सगळी हमी गेली. हे पथ्य मोडायचा मोह किती होतो, ते ज्याने मोडले आहे त्यालाच ठाऊक.

या पद्धतीने काय साधते, याचे ठळक उदाहरण स्टॉकफिश. नॉर्वेच्या टॉर्ड रोमस्टॅड यांच्या ‘ग्लाउरुंग’ या खुल्या इंजिनावरून इटलीच्या मार्को कोस्टाल्बा यांनी २००८ मध्ये ते उभे केले. स्टॉकफिश म्हणजे नॉर्वेत वाळवून इटलीत शिजवला जाणारा कॉड मासा, आपल्या सुक्या बोंबलाचा उत्तरेकडचा चुलतभाऊच. २०१३ मध्ये गॅरी लिन्सकॉट यांनी फिशटेस्ट सुरू केले. कोणीही बदल सुचवावा, आणि स्वयंसेवकांनी दिलेल्या घरगुती संगणकांवर त्याची एसपीआरटी व्हावी: आधी दहा सेकंदांच्या डावांत आणि तिथे पास झाला तर साठ सेकंदांच्या. पुढच्याच वर्षी स्टॉकफिशने टीसीईसी ही इंजिनांची मानाची स्पर्धा जिंकली. विशेष म्हणजे, काहीही न वाढवता ओळी खोडणारे बदलही इथे परीक्षेला बसतात. खोडून खेळ बिघडला नाही, तर ते पास.

एकट्या माणसाकडे अशी फौज नसते, आणि सापळे मात्र सगळे असतात. एकाच ओपनिंगमधून खेळवले तर तोच डाव हजारदा होतो; म्हणून हजारो वेगळ्या सुरुवाती घेतात आणि प्रत्येक सुरुवात रंग बदलून दोनदा खेळवतात. लॅपटॉप तापून मंदावला की एखादे इंजिन वेळ संपल्याने हरते आणि आकड्यांत ती सुधारणा दिसते. सर्वांत गोड सापळा स्वतःशी खेळण्याचा. आपल्याच जुन्या आवृत्तीला हरवून मिळवलेले पन्नास एलो परक्या इंजिनांसमोर बरेचदा आक्रसतात.

म्हणून आवृत्ती बाहेर काढणे ही खरी परीक्षा. त्या दिवशी बुद्धिबळापेक्षा भलत्याच गोष्टी छळतात. स्वतःच्या नव्या संगणकावर बांधलेली फाइल एव्हीएक्स-२ ही सूचनामाला मागते. ती माला नसलेल्या जुन्या प्रोसेसरवर फाइल पहिल्या चालीआधीच कोसळते. म्हणून एकाच आवृत्तीच्या चार-पाच फाइली द्याव्या लागतात. मग ती पोचते स्वयंसेवी परीक्षकांकडे. स्वीडनच्या एसएसडीएफ संघटनेची यादी १९८४ पासून आहे, सीसीआरएलची त्यानंतरची. ही माणसे स्वतःची वीज जाळून परक्यांच्या इंजिनांचे डाव लावतात आणि गुणांशेजारी त्रुटीची मर्यादाही छापतात. यादीतला २९०० हा आकडा म्हणजे माणसांचा २९०० नव्हे. तो त्या यादीतल्या इतरांच्या तुलनेतला. हे नवा लेखक पहिल्या आनंदात विसरतो, आणि ते माफही आहे.

खुल्या आवृत्तीने काय घडू शकते, ते फ्रुट या इंजिनाने दाखवले. फ्रान्सच्या फाबिएँ लतूझे यांनी २००५ मध्ये फ्रुट २.१ ची संपूर्ण संहिता जीपीएल परवान्याखाली खुली केली. त्याच वर्षी रेक्याविकच्या जागतिक स्पर्धेत फ्रुट दुसरे आले. इतके सुबक आणि इतके बलवान काही हौशींच्या हाती पूर्वी पडले नव्हते. एका पिढीने त्यावरून शिकून घेतले. शिकणे आणि उचलणे यांतली रेघ मात्र पुसट होती. २०११ मध्ये आयसीजीए या संघटनेने वासिक राजलिक यांच्या अजिंक्य ‘रिब्का’वर फ्रुट आणि क्राफ्टी या इंजिनांतून उचल केल्याचा ठपका ठेवून तिची जागतिक विजेतेपदे काढून घेतली. राजलिक यांनी आरोप नाकारला. त्यानंतर कितीतरी दिवस लोक त्या प्रोग्रामच्या आतले बाइट चाळत, नेमके काय कुठून आले ते ताडत बसले होते.

अशीच एक तपासणी सर्वांत जुन्या इंजिनाचीही झाली. ॲलन ट्युरिंग यांनी संगणकाशिवाय, कागदावर आकडेमोड करत आपला प्रोग्राम १९५२ मध्ये ॲलिक ग्लेनी यांच्याविरुद्ध खेळवला आणि २९ चालींत हरले. पुढे चेसबेस कंपनीच्या मंडळींनी त्याच नियमांवरून तो प्रोग्राम संगणकावर उभा केला, तर काही चाली जुळेनात. आपल्याच मांडणीत बग असणार, असे धरून त्यांनी शोधाशोध केली. युनिक्सचे केन थॉम्प्सन यांनी स्वतंत्रपणे करून पाहिले, तरीही फरक तसाच. शेवटी युद्धकाळात ट्युरिंग यांच्यासोबत ब्लेचली पार्कमध्ये काम केलेल्या डोनाल्ड मिची यांना विचारले. त्यांचे म्हणणे असे पडले की बग प्रोग्राममध्ये नाही, ट्युरिंगमध्ये शोधा. हाताने एवढी आकडेमोड करायचा कंटाळा आला की अंदाजाने एखादी चाल खेळून मोकळा होणारा माणूस होता तो.