शार्कोंच्या शिष्यांची भयनाट्यं

१९०५ साली आल्फ्रेद बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने सिमों या सहकाऱ्याबरोबर मुलांची बुद्धी जोखणारी कसोटी प्रसिद्ध केली. बुद्ध्यांकाची सगळी कुळकथा तिथून सुरू होते. त्याच वर्षी पॅरिसच्या एका लहानशा नाट्यगृहात एका बापाने रंगमंचावर आपल्या मुलाचा गळा आवळला. त्या नाटकाच्या दोन लेखकांपैकी एक हेच बिने.

ते नाट्यगृह म्हणजे ग्राँ गिन्योल. पिगालजवळच्या जुन्या चॅपेलात मेतेनिए यांनी १८९७ मध्ये ते उघडलं. जेमतेम तीनशे खुर्च्या, वर लाकडी देवदूत. पुढचे मालक माक्स मोरे यांनी भयाचा धंदा बसवला: एका रात्रीत एक भयाण एकांकिका, एक चावट, पुन्हा एक भयाण. घेरी येणाऱ्या प्रेक्षकांसाठी डॉक्टर ठेवल्याचा गाजावाजाही त्यांचाच. खोट्या रक्ताच्या पाककृती आणि असंख्य वेळा 'खून झालेली' नटी पोला माक्सा यांचे किस्से शौकिनांना पाठ असतात. पण ग्राँ गिन्योलचं खरं भय दवाखान्यातून आलं होतं.

बिनेंचे जोडीदार आंद्रे द लॉर्द दिवसा आर्सनाल ग्रंथालयात नोकरी करत. ते डॉक्टरचे चिरंजीव. लहानपणी वडिलांच्या तपासणीच्या खोलीबाहेर कान लावून उभं राहिल्याची आठवण ते सांगत. बिनेंनी तर उमेदीची वर्षं पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात मज्जाविकारतज्ज्ञ शार्कोंच्या छायेत काढली होती. तिथे उन्मादाच्या रुग्ण बायकांना संमोहित करून भरगच्च वर्गासमोर दाखवलं जाई. तेही एक नाटकच. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ देल्बफ यांनी या प्रयोगांतली भोंगळ सूचनाबाजी उघडी पाडली आणि बिनेंची अब्रू गेली. नंतर ते प्रयोगशाळेत रमले खरे, पण अभ्यासाला विषय घेतले नाटककार, नट आणि जादूगार.

गळा आवळण्याचं ते नाटक 'लॉप्सेस्यों'. स्वतःच्याच मुलाचा जीव घ्यावा ही ऊर्मी एका गृहस्थाला छळते. तो डॉक्टरकडे जातो आणि ही व्यथा मेहुण्याची म्हणून सांगतो. डॉक्टर शांतपणे सल्ला देतो: त्या माणसाला कोंडून ठेवा. रोगी समोरच बसलाय हे प्रेक्षकाला कळलेलं असतं, डॉक्टरला नाही. बादलीभर रक्तापेक्षा हा प्रवेश जास्त क्रूर आहे. पडद्यावरच्या भयपटात तो असा जमणार नाही. इथे जिवंत माणूस चार हातांवर बसलाय आणि ओरडून सांगायची सोय नाही.

द लॉर्द यांनी १९०८ मध्ये साल्पेत्रियेरमधल्या एका तासावर नाटक लिहिलं आणि ते बिनेंना अर्पण केलं. प्रयोगांना विटलेली रुग्ण स्त्री त्यात शिकाऊ डॉक्टरच्या तोंडावर तेजाब फेकते. ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यांची बाजू शार्कोंच्या शिष्यवर्गापर्यंत एवढ्या जोरात दुसऱ्या कुणी पोचवली असेल असं वाटत नाही. पुढल्याच वर्षी या जोडीच्या नाटकात एक डॉक्टर मेलेल्या मुलीला विजेने जिवंत करू पाहतो आणि तिचाच हात त्याच्या गळ्याभोवती आवळतो. बिने १९११ मध्ये वारले, तरी १९२५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात एका मुलीचे डोळे काढण्याचा प्रसंग असलेलं नाटक रंगमंचावर आलं, तेव्हाही लेखक म्हणून त्यांचं नाव होतं.

पण सगळ्यात मजेशीर धागा ग्राँ गिन्योलच्या बाहेरचा. १९२१ मध्ये पॅरिसच्या दे द्यू मास्क या थिएटरात 'ले देत्राके' हे मुलींच्या शाळेत घडणारं भयनाट्य आलं. पालो या नटाने ते कुणा 'ओलाफ'च्या मदतीने लिहिलं होतं. समीक्षकांनी ते झोडपलं. कवी आंद्रे ब्रेतों मात्र भारावले आणि १९२८ च्या आपल्या 'नाज्या' या पुस्तकात त्यांनी त्यावर पानंच्या पानं खर्ची घातली. संहिता १९५६ मध्ये छापली गेली तेव्हा ओलाफ कोण ते बाहेर आलं: जोझेफ बाबिन्स्की. तळपायावर रेघ ओढून अंगठा वर जातो का पाहण्याची जी तपासणी डॉक्टर आजही करतात, तिला ज्यांचं नाव आहे तेच. शार्कोंच्या वर्गाच्या १८८७ च्या प्रसिद्ध चित्रात कोसळणाऱ्या रुग्णेला सावरून धरणारा तरुणही तोच. आणि ब्रेतों १९१७ मध्ये बाबिन्स्कींच्याच हाताखाली वैद्यकाची उमेदवारी करत होते. हा पोरगा वैद्यकात मोठं नाव काढील, असं भाकीत बाबिन्स्कींनी केलं होतं.