काहून? (सामाजिक शास्त्रांचा तास : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात नकाशा वाचण्याबद्दल लिहिलं होतं. आता मुलांनी मत मांडून ते दुसऱ्याला पटवण्याबद्दल.

आमच्या यवतमाळकडे ‘का’ला ‘काहून’ म्हणतात. सातवी-आठवीच्या मुलाला युक्तिवाद शिकवायचा तर एवढा एक शब्द पुरतो, असं माझं मत आहे. पण मुलं तो वर्गाबाहेर, चपलांजवळ ठेवून येतात. आत आली की ‘कारणे द्या’ला गाईडमधलं उत्तर लिहितात.

एकदा आठवीला विषय दिला : ‘शकुंतला पुन्हा सुरू व्हावी का?’ यवतमाळ ते मूर्तिजापूर ही 113 किलोमीटरची अडीच फुटी रेल्वे. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या वाटेनं मँचेस्टरकडे जावा म्हणून इंग्रजी भांडवलानं बांधलेली. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं, आता गाडी बंद. बहुतेक वह्यांची सुरुवात एकच : ‘शकुंतला ही आपल्या जिल्ह्याची शान आहे.’ शेवटही एकच : ‘तरी शासनाने लक्ष द्यावे.’ मध्ये विशेषणं. पावसाळ्यावरचा निबंध असा चालेल. इथे नाही चालत.

एका मुलीच्या वहीत मात्र हे सापडलं : ‘माझी आजी दारव्ह्याहून कारंज्याला माहेरी शकुंतलेने जायची. म्हणून गाडी सुरू करावी.’

मी विचारलं, “काहून?”

“तिकीट कमी होतं, सर.”

“किती कमी?”

ते तिला ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी आली ती आजीला आठवत असलेलं गाडीचं भाडं, एसटीचं आजचं भाडं आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं म्हणणं घेऊन. आजीची आठवण हाही पुरावाच, पण एका घरचा. तीन घरं झाली की जरा वजन येतं. तेव्हाचा रुपया आणि आजचा रुपया सारखा नाही, हे तिचं तिलाच सुचलं. गणिताच्या सरांकडे गेली. (सरांना आनंद झाला की कटकट, ते त्यांनी सांगितलं नाही.)

खरं अवघड काम पुढे होतं. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “वर्ध्याहून कळंबपर्यंत ब्रॉडगेज आली, पुढं यवतमाळलाही येईन. मंग हे लहान गाडी कायले पायजे?” मुद्दा बिनतोड होता. मी तिला म्हटलं, त्याचं म्हणणं तुझ्या वहीत लिही, आणि असं लिही की वाचून तो म्हणेल, ‘हो, मी हेच म्हणत होतो.’ तिनं तीनदा लिहिलं. दोनदा त्यानं मान हलवली नाही.

मग दोघं नकाशावर वाकले. वर्धा-नांदेड मार्ग यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद असा खाली जातो. कारंजा त्यावर नाही. तिनं लिहिलं : ‘मोठी गाडी आली तरी कारंज्याला जाणाऱ्याला ती कामाची नाही. तेवढ्यापुरती तरी जुनी वाट पाहिजे.’ ‘शान’ गेली, ‘तेवढ्यापुरती’ आलं. माझ्या लेखी निबंध तिथे पुरा झाला. पहिला मसुदा वऱ्हाडीत लिहिला तरी मी अडवत नाही. प्रमाण भाषेचं नंतर पाहता येतं.

नमुना दाखवायचा तर मी 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन काढतो. मागणी नेमकी : किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. कारणही पैशाच्या हिशेबासारखं : सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. शिवाय स्वतः शाळा चालवल्याचा अनुभव जोडीला. मागणी, कारण, पुरावा हे मुलांना पेन्सिलनं अधोरेखित करायला सांगावं. विशेषणं किती, तेही मोजायला सांगावं.

गुण देताना मी सोपा नियम ठेवलाय : मत माझ्याविरुद्ध असलं तरी चालेल, ‘काहून’ला उत्तर नसेल तर अर्धे गुण कापायचे.

पुढच्या लेखांकासाठी एक विषय देतो. 10 जुलै 1930 रोजी पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि अटक करून घेतली. तो कायदा मोडणं योग्य होतं का? शिक्षक मित्रांनो, आपल्या आठवीकडून यावर दहा ओळी लिहून घ्या, आणि त्यातल्या किमान दोन ओळी जंगल खात्याच्या बाजूनं हव्यात.